गोल्फच्या स्टिक घेऊन युद्धावर निघालेला मुलगा

प्रश्न : मी शाळेत शिकवते. १६ डिसेंबरला विजय दिवस, आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जिथे वाचावं तिथे तेच, किती रणगाडे फोडले, कसे शहीद झाले, परमवीर चक्र. आठवीच्या पोरांना वेगळं काय सांगू? पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते हो त्यांची.

उत्तर : ताई, पोरांचं काही चुकत नाही. आपण त्यांच्यासमोर डायरेक्ट पुतळाच उभा करतो, मग ती तरी किती वेळ बघणार. सुरुवात रणगाड्यापासून करूच नका, गोल्फच्या स्टिकपासून करा.

म्हणजे झालं असं, जून १९७१ मध्ये हा मुलगा ऑफिसर झाला, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये, आणि नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होता, तेवढ्यात युद्धाचं वारं सुरू झालं आणि कोर्स अर्धवट टाकून सगळ्यांना बोलावून घेतलं. घरचे सांगतात की जाताना सामानात गोल्फच्या स्टिक आणि पार्टीत घालायचा निळा युनिफॉर्म होता, का तर म्हणे लाहोरला गोल्फ खेळायचंय आणि जिंकल्यावर डिनर असेल तेव्हा कपडे नकोत का! एकवीस वर्षांचा पोरगा होता हो, मला तर हे वाचून आधी हसूच आलं, मग गप्प झाले.

आणि आपल्याकडच्या मुलांना हेही सांगाच की जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. शिकला खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तिथल्या परेड ग्राउंडला आज त्याचंच नाव आहे. वडील आर्मीतच इंजिनिअर ऑफिसर.

लढाईचं थोडक्यात सांगा पण नीट सांगा. पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपाशी जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा हल्ला आला, ह्याचा सेंच्युरियन रणगाडा, नाव फामागुस्ता. रणगाडा पेटल्यावर बाहेर पडायचा हुकूम आला तर रेडिओवर उत्तर दिलं की गन अजून चालतेय, रणगाडा सोडणार नाही. एक गोष्ट भाषणात हमखास राहून जाते, रणगाड्यात तो एकटा नव्हता. रेडिओ ऑपरेटर नंद सिंगही (हुद्दा सवार, म्हणजे जवान) तिथेच गेले. त्यांचं नाव घ्या प्लीज. आणि तारीख बघा, १६ डिसेंबर, हे सगळं सकाळी, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या. अर्ध्या दिवसाचा फरक. पोरांना हे आकडे पाठ असतात पण कुणी शेजारी शेजारी ठेवून दाखवत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. २००१ साली त्याचे वडील, वय ८१, आपलं सरगोध्याचं जुनं घर बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला एका निवृत्त ब्रिगेडियरच्या घरी उतरले होते, ख्वाजा मोहम्मद नासेर. घरात सगळ्यांनी खूप जपलं त्यांना. निघायच्या आदल्या रात्री त्या माणसाने सांगितलं की बसंतरला मी समोरच्या बाजूला होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षांनी. आणि म्हातारे वडील त्याच्यावर चिडले नाहीत. हे सांगून झालं की लगेच पुढे बोलू नका, एक मिनिट थांबा, प्रश्न येतात की नाही बघा. आठवीची पोरं ह्यावर विचारतात, नक्की विचारतात, शत्रूच्या घरी कसे राहिले म्हणून. त्यांनाच उत्तर शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

बाकी पदकाचं वगैरे शेवटी एका वाक्यात. आणि कार्यक्रम मैदानात असेल तर आठ मिनिटांत आवरा, पोरं उन्हात उभी असतात.