राजीनाम्यावर सही करायच्या आधी

तुझं पत्र वाचलं. बाबा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत १८ वर्षं परमनंट, व्हीएमसीवर (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) सेटर, म्हणजे कामाआधी मशीन लावून देणारे, आणि आता एचआर म्हणतंय ऑर्डर कमी झाल्यात, राजीनामा लिहून द्या, दोन पगार देतो. आणि तू विचारतेयस की डिप्लोमाचं दुसरं वर्ष सोडून कामाला लागू का.

आधी बाबांचं बघू. हिशोब कळेपर्यंत राजीनामा अजिबात द्यायचा नाही. कंपनीने स्वतः कामावरून कमी केलं तर कायद्याने निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, म्हणजे १८ वर्षांचे २७० दिवस, जवळपास नऊ महिन्यांचा पगार झाला बघ, ग्रॅच्युइटी वेगळीच. स्वतःहून राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी मिळेल पण हे नऊ महिने गेले. युनियन असेल तर तिथे, नाहीतर कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात कागद दाखवा, केबिनमध्ये एकट्याने बसून सही नको.

आता नोकरीचं. मंदी आली की आधी कॉन्ट्रॅक्टची पोरं कमी होतात, मग ओव्हरटाइम बंद, मग परमनंटवाल्यांवर येतं, आणि ऑर्डर परत आल्या तरी कंपनी लगेच परमनंट भरत नाही, काम बाहेर व्हेंडरला, म्हणजे पार्ट बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्यांना देते. म्हणून बाबांनी मोठ्या गेटवर चकरा मारण्यापेक्षा अंबड, सातपूर, सिन्नरच्या छोट्या युनिट्समध्ये मालकाला थेट भेटावं, तिथल्या जागांची जाहिरात सहसा येतच नाही, सुपरवायझरच्या ओळखीने भरतात. जुन्या कंपनीचा माल ज्या व्हेंडरकडून यायचा ते बाबांना नावानिशी माहीत असणार, तिथूनच सुरुवात करा.

बायोडेटा तू टाइप करून दे, आणि नुसतं "१८ वर्षं अनुभव" लिहू नकोस गं. मशीनचा कंट्रोल कुठल्या कंपनीचा, फानुक की सीमेन्स, कुठले पार्ट, कुठलं मटेरियल, किती मायक्रॉनचं टॉलरन्स (मापात चालणारा फरक), ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग आणि प्रोग्राममध्ये करेक्शन करतात का, हे सगळं बाबांना विचारून लिही, ऑपरेटर आणि सेटरच्या पगारात फरक पडतो तो इथेच. मालकाला भीती असते की हा मोठ्या कंपनीचा माणूस तीन महिन्यांत पळेल, तेव्हा पगाराचं आणि थांबण्याचं बाबांनी स्वतःच आधी बोलावं, मशीनवर ट्रायल द्यायची तयारीही दाखवावी.

आणि तू कॉलेज सोडू नकोस. आत्ता पॅकिंगला लागलीस तर जी कपात आज बाबांवर आलीय तीच उद्या सगळ्यात आधी तुझ्यावर येईल. फीची अडचण असेल तर आधी कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिप आणि हप्त्यांबद्दल विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.