टोमॅटो-बटाट्याचे शेंडे वळलेत? आधी घातलेल्या खताकडे बघा (इंग्लंडमधलं अलॉटमेंट)

तुमची पोस्ट वाचली. अलॉटमेंटवर (कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका भाजी लावायला भाड्याने देते ती जमीन) नवीन प्लॉट, मार्चमधे ट्रेलरभर घोड्याचं खत घातलंत, आता जूनमधे टोमॅटो आणि बटाट्याचे शेंडे वेडेवाकडे, आणि खाली सगळे सांगतायत व्हायरस आहे, पाणी कमी पडतंय, कॅल्शियम द्या, एप्सम सॉल्ट द्या. कृपा करून यातलं काहीही देऊ नका. तुमचा दुसरा फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला, कारण आमच्या प्लॉटवर हुबेहूब हेच झालं होतं.

हे बहुतेक तणनाशकाचं काम आहे. तुम्ही मारलेलं नाही, खतातून आलेलं. अमिनोपायरॅलिड म्हणून एक औषध आहे, क्लोपायरॅलिड हे त्याचंच भावंड. कुरणातली डॉक, थिसल, नेटल ही तणं मारायला शेतकरी ते फवारतात, गवताला काही होत नाही. मग त्या गवताचा वाळलेला चारा होतो, घोडा तो खातो, औषध त्याच्या पोटातून न पचता जसंच्या तसं लिदीत येतं आणि लीद आपल्या वाफ्यात. खत काळं, भुसभुशीत, वास न येणारं, एकदम फर्स्ट क्लास दिसलं तरी आत औषध असू शकतं कारण ते मोडायला मातीतले जिवाणू लागतात, नुसत्या ढिगात ते फार हळू मोडतं. 2008 मधे इथल्या अलॉटमेंटवाल्यांचं याने इतकं नुकसान झालं की औषधाची परवानगी काही काळ थांबवली होती, नंतर जास्त अटी घालून ते परत आलं. म्हणजे "ते जुनं प्रकरण, आता नसतं तसं" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ओळखायचं कसं, तर शेंडा बघा. टोमॅटोची खालची पानं लांबीत गुंडाळलीयत पण शेंडा ठणठणीत आहे, तर ते बहुतेक वेळा रात्रीच्या गारठ्याने होतं, सोडून द्या. करपा म्हणजे तपकिरी डाग आणि तो साधारण जुलैपासून, दमट हवेत. यात मात्र डाग नसतात. नवीन पान बारीक, अरुंद, शिरा जवळजवळ समांतर, आणि बटाट्याचा शेंडा नेच्याच्या कोंबासारखा आत वळलेला. ब्रॉड बीन्स आणि मटारची पानं खोलगट होतात. आणि मुख्य खूण म्हणजे त्याच वाफ्यातला मका मजेत असतो. मका गवताच्याच कुळातला, त्याला हे औषध काही करत नाही. तुमच्या फोटोत मागे मका दिसतोय, छान हिरवागार.

आता अलॉटमेंट ऑफिसबद्दल, कारण पिकाचं एक वर्ष गेलं त्याचं मला एवढं नाही वाटलं, जेवढं या ऑफिसचं वाटलं. कौन्सिल कुठलं ते लिहित नाही, उगाच वाद नकोत. आमच्याकडे खत गेटपाशी येऊन पडायचं, अलॉटमेंट ऑफिसनेच ठरवून दिलेल्या माणसाकडून. मी फोन केला तर म्हणाले अशी तक्रार आजवर आलेली नाही. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांचे बीन्सही तसेच वळलेले, त्यांना पण हेच उत्तर, म्हणजे दोन तक्रारी येऊनही एकही तक्रार नाही! मग ऑफिस म्हणालं कमिटीशी बोला, कमिटी म्हणाली खतवाल्याशी बोला, खतवाला म्हणाला मी फक्त वाहतूक करतो, तबेल्याला विचारा, आणि तबेला म्हणाला चारा आम्ही बाहेरून घेतो. ऑफिस नंतर म्हणालं लॅबचा रिपोर्ट आणा. लॅबचा खर्च प्लॉटच्या वर्षाच्या भाड्यापेक्षा जास्त, कोण करणार?

तोपर्यंत मी ते खत घातलेला अर्धा प्लॉट रिकामा ठेवला होता, माती फक्त वरचेवर उलटत होते, आणि जुलैत त्याच ऑफिसची नोटीस आली की लागवड पुरेशी नाही! आमच्या करारात तीन चतुर्थांश जमीन लागवडीखाली हवी असं कलम आहे. इन्स्पेक्शनला आलेला माणूस रस्त्यावरून बघतो, रिकामी माती दिसली की खूण करतो. त्याला खताचं काही माहितच नव्हतं, कारण मी सगळं फोनवर बोलले होते आणि फोनची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. प्लॉट वाचला, पण पत्रं लिहून लिहून जीव मेटाकुटीला आला आणि ज्या जागेत मन शांत व्हावं म्हणून जायचे तिथे जाताना छातीत धडधडायचं.

म्हणून तुम्ही आजच, हो आजच, ईमेल लिहा. तारीख, खत कधी आणि कोणाकडून आलं, शेंड्यांचे जवळून फोटो, मक्याचा फोटो, आणि एक स्पष्ट वाक्य, की अमुक वाफे औषध मोडण्यासाठी मी मुद्दाम रिकामे ठेवतेय, हे लागवड न करणं समजू नये. उत्तर नाही आलं तरी चालेल, पाठवल्याची तारीख तुमच्याकडे राहते. मी वकील नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे अलॉटमेंटच्या 1908 च्या कायद्यात करार मोडला म्हणून एक महिन्याच्या लेखी नोटिशीवर प्लॉट काढून घेता येतो, तेव्हा पहिलं साधं पत्र आलं तरी "बघू नंतर" करू नका. तुमचा करार काढून वाचा, प्रत्येक ठिकाणची कलमं वेगळी असतात.

मातीचं काय करायचं. खत अजून वर पसरलेलं असेल तर जेवढं निघेल तेवढं काढा, मिसळलं असेल तर आता काढत बसू नका, माती अधूनमधून उलटत राहा, ऊब आणि ओल असली की जिवाणू कामाला लागतात. थंडीत काही होत नाही, त्यामुळे उन्हाळा वाया घालवू नका. वळलेली झाडं कंपोस्टच्या ढिगात अजिबात नकोत, नाहीतर तेच चक्र परत. उरलेलं खत कौन्सिलच्या गार्डन वेस्टच्या डब्यातही टाकू नका, ते दुसऱ्या कोणाच्या तरी बागेत जाईल. त्या वाफ्यात कोबी, केल वगैरे बऱ्यापैकी येतात. सप्टेंबरात ग्रेझिंग राय पेरून टाका, गवतवर्गीय आहे त्यामुळे बिनधास्त उगवतं, हिवाळ्यात माती झाकली जाते, आणि इन्स्पेक्शनवाल्याला लांबून हिरवं दिसतं (हा फायदा कमी समजू नका). त्या वाफ्यातले टोमॅटो धरले तर खायचे का विचारलंयत, मी खाल्ले नाहीत, पण ते माझं मत, शास्त्र म्हणून सांगत नाहीये.

पुढच्या वेळी खत घालायच्या आधी बीन्सची टेस्ट करा. ढिगाच्या चार-पाच जागांतून, आतून पण, खत घ्या, विकतच्या कंपोस्टमधे निम्मं-निम्मं मिसळा, काही कुंड्या भरा, आणि तेवढ्याच कुंड्या नुसत्या कंपोस्टच्या. सगळ्यांत ब्रॉड बीन्स लावा. प्रत्येक कुंडीखाली वेगळी बशी ठेवा म्हणजे एकीचं पाणी दुसरीत जाणार नाही. तीन-चार खरी पानं येईपर्यंत थांबा, फरक असला तर डोळ्यांना दिसतोच. फेब्रुवारीत खिडकीत लावलंत तर मार्च-एप्रिलमधे खत वापरायच्या आत उत्तर मिळतं. "आमचं खत ऑरगॅनिक आहे" या वाक्याला काही अर्थ नाही, चारा कुठून आणता आणि कुरणावर काय फवारता हे विचारा, आणि माहीत नाही म्हणाले तर घेऊ नका, फुकट देत असले तरी. माझं तर आता असं झालंय की घोड्याचं खत घेतच नाही, शरद ऋतूतली पानं पोत्यात भरून कुजवते, वेळ लागतो पण त्यात कोणाच्या कुरणाची भानगड नाही.

तुम्ही शेवटी आपल्या भाज्यांचं विचारलंत म्हणून. मेथी त्या वाफ्यात नको, तीही शेंगांच्याच कुळातली, ती पण वळेल. चांगल्या मातीत मे ते ऑगस्ट मेथी भरपूर येते, शेपू तर न विचारता येतो. गवार-चवळीच्या नादी उघड्यावर लागू नका, इथली ऊब पुरत नाही, त्याऐवजी रनर बीन्स कोवळे असताना काढून खोबरं घालून भाजी करा. कोथिंबीर मे-जूनमधे पेरलीत तर मोठ्या दिवसांमुळे लगेच फुलावर जाते, ऑगस्टच्या अखेरीस पेरा, थंडी पडेपर्यंत कापत राहता येते.