रामप्रहर म्हणजे नेमकी कोणती वेळ?

प्रश्न : माझ्या सासूबाई "सकाळच्या रामप्रहरी भांडण नको" असे म्हणत असत. हाच प्रयोग मी एका लेखात केला, तेव्हा सकाळ आणि रामप्रहर एकच असल्याने ही द्विरुक्ती होते, असे मला सांगण्यात आले. रामप्रहर म्हणजे नेमकी कोणती वेळ, आणि हा प्रयोग चुकीचा आहे काय?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : अहोरात्राचे प्रहर आठ, चार दिवसाचे व चार रात्रीचे, सरासरीने प्रत्येक प्रहर तीन तासांचा, म्हणजे साडेसात घटकांचा. मात्र दिवसाचे प्रहर सूर्योदयापासून मोजायचे असल्यामुळे ते ऋतूप्रमाणे मागेपुढे सरकतात. मुंबईत जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास त्याला जवळजवळ सव्वासात होतात. शिवाय, सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होऊन ४८ मिनिटे टिकणाऱ्या ब्राह्ममुहूर्तासारखा रामप्रहर काट्यावर मोजलेला नाही. तो घरातल्या बोलण्याचा शब्द आहे. उठल्यावर, कामाच्या रगाड्यात शिरण्यापूर्वी रामाचे नाव घ्यावे अशी ती वेळ. पहाट सरत आल्यापासून अंगणात ऊन येईपर्यंतचा काळ त्यात सहज सामावतो.

द्विरुक्तीचा आक्षेप मात्र मला मान्य नाही. केवळ वेळ सांगायची असेल तर आपण 'सकाळी' म्हणतो. 'रामप्रहरी' म्हणतो ते बहुधा कोणाला तरी दटावताना किंवा आपल्या बोलण्याला शपथेचे वजन देताना. "काय हे सकाळच्या रामप्रहरी रडगाणं लावलंय!" किंवा "रामप्रहरी खोटं कशाला बोलू?" या वाक्यांत त्या वेळेचे पावित्र्य पुढे केलेले असते, आणि तेथे नुसते 'सकाळी' घातले तर वाक्यातली धारच जाते. "भर तिन्हीसांजेला रडू नये" या वाक्यातल्या तिन्हीसांजेचेही असेच आहे. शिवाय खेड्यापाड्यांत 'सकाळच्या पारी' हा प्रयोग सर्रास चालतो व त्याला कोणी नावे ठेवत नाही. त्यातला 'पार' म्हणजे प्रहरच. 'दुपार' म्हणताना तो आपण सगळेच रोज उच्चारतो. 'रामपारी' हे रूपही त्यातूनच आले आहे.

व्याकरणदृष्ट्या हा शब्द पुल्लिंगी असला, तरी व्यवहारात तो सप्तमीतच, 'रामप्रहरी' याच रूपात भेटतो. 'पहाट झाली' म्हणतात तसे 'रामप्रहर झाला' असे सहसा कोणी म्हणत नाही, तेव्हा नव्या लेखकांनी निव्वळ नटवेपणासाठी तसे लिहू नये. बैठकीच्या सूचनेत किंवा वेळापत्रकातही तो नको. तेथे 'सकाळी ७ वाजता' हेच बरे. आपल्या सासूबाईंचे वाक्य मात्र लेखात होते तसेच ठेवावे.