धाराशिव जिल्ह्यात पिकाचा भरवसा नाही, मग गावातली घरं चालतात कशावर?

तुम्ही विचारलंय की पाऊस असा, सोयाबीनला भाव नाही, तरी लोक गावात टिकून कसे आहेत. मी भूम तालुक्यातला. आमच्या घरात तरी पिकाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि उधारी फेडण्यातच संपतो. रोजचं घर चालतं दुधावर, अडीनडीला उभी राहते ती शेळी.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण खत-बियाण्याची उधारी अंगावर असलेला माणूस भावासाठी थांबू शकत नाही. रास झाली की पोती थेट आडतीवर, मिळेल त्या दराने.

डेअरीचे पैसे दर दहा दिवसांनी येतात. त्याला गावात 'पगार'च म्हणतात, आणि किराणा दुकानदार उधार देतो तो या पगाराकडे बघूनच. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्याही आहेत. गाईच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा निघतो. डेअरीने दर पाडला की दूध घालायला हे दुसरं दार असतं. २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, त्यावरून दर किती खाली गेले होते ते समजा.

शेळीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. उस्मानाबादी शेळी याच मातीतली. बहुतेक काळी, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. गाभण राहिली की पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं. बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा यांवर जगते, म्हणून ज्यांना गुंठाभर जमीन नाही त्यांच्याही दारात दोन-तीन असतात. २०२३ ते २०२५ अशी तीन वर्षं बकरी ईद जूनमध्ये आली, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. वर्षभर पोसलेले बोकड आईने आठवडी बाजारात पाठवले आणि त्याच पैशात बियाण्याच्या बॅगा आल्या. शेतीला भांडवल शेळीने पुरवलं, बँकेने नाही. हे कुठल्या कागदावर दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण या सगळ्याला एक मोठं भोक पडलंय, ते कडब्याचं, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या वैरणीचं. पूर्वी काळी रानं खरिपात पड ठेवून रब्बीला मालदांडी ज्वारी पेरायचे. घरात भाकरी, दावणीला वैरण. आता खरिपात सोयाबीन आणि मागून हरभरा. पैसा लवकर दिसतो, पण कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट शेळ्या खातात, दुभत्या गाईचं त्यावर भागत नाही. मग वैरण विकत, पेंड विकत, आणि दुधाच्या पगारातला मोठा वाटा तिकडेच जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे चारा छावण्या लागल्या त्या पाऊस कमी पडला म्हणून, हे खरंच. पण घराघरांत कडब्याची गंज असती तर जनावरं इतक्या लवकर छावणीत न्यावी लागली नसती, असं माझं ठाम मत आहे.

वडील म्हणतात, ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, आणि तेही खोटं नाही. दोन वर्षं यावरून आमचा वाद चाललाय. यंदा विहिरीजवळचं दीड एकर ज्वारीला ठेवायचं ठरलंय, काढणी घरच्यांनीच करायची.