लाँग क्यूटी असताना बाळंतपणात एपिड्युरल घ्यावं का?

तुमच्या बहिणीला लाँग क्यूटी आहे, म्हणजे ईसीजीवरचं 'क्यूटी' हे अंतर लांबलेलं असतं आणि ठोक्यांची लय अचानक बिघडू शकते; त्यातला तिचा प्रकार टाइप टू. आठवा महिना चालू आहे आणि घरचे म्हणताहेत, 'हृदयाचं दुखणं आहे, पाठीत इंजेक्शन नको, कळा सोसू दे.' मी भूलतज्ज्ञ आहे, आणि माझं मत नेमकं उलट आहे.

कळा असह्य झाल्या की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, आणि या आजारात ठोक्यांची लय बिघडवायला तेच पुरतं. म्हणून एपिड्युरल, म्हणजे पाठीत देऊन कळांची वेदना बधिर करणारं औषध, घ्यावं, तेही कळांनी जोर धरायच्या आधी. डोस हळूहळू द्यायचा. सुरुवातीच्या चाचणी डोसात बहुधा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं, ते टाळायला सांगा. बीपी उतरलं तर ते चढवायला मेफेंटरमिनपेक्षा फिनाईलएफ्रिन बरं.

मला खरी धास्ती वाटते ती उलटीच्या इंजेक्शनाची. ऑन्डेन्सेट्रॉन लेबर रूममध्ये सर्रास देतात आणि ते क्यूटी आणखी लांबवतं. एका बाळंतिणीच्या केसपेपरवर मी लाल पेनाने 'ऑन्डेन्सेट्रॉन नको' असं ठळक लिहिलं होतं. तरी रात्री ट्रेमध्ये तीच सिरिंज भरून ठेवलेली होती. सिस्टरांनी टोचण्याआधी एकदा पेपर पाहिला, म्हणून निभावलं. तेव्हापासून मी टाळायच्या औषधांची यादी पेशंटच्या नातेवाइकांच्या हातातही देते. तुम्हीही ठेवा.

बीटा ब्लॉकरची (हृदयावरचा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारी) गोळी चुकवायची नाही. उपाशी ठेवलं असलं तरी डॉक्टरांना विचारून घोटभर पाण्याबरोबर द्या. पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन एकदम न देता सलाइनमधून सावकाश द्यावं. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) त्याच खोलीत हवा. मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांसाठी लेबर रूममध्ये असतंच, इथेही लय बिघडली तर तेच पहिलं औषध.

टाइप टूमध्ये अचानक झालेला आवाजही घातक ठरतो. मॉनिटरचा अलार्म हळू करून घ्या, मोबाइल सायलेंटवर ठेवा.

आणि बाळ झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. टाइप टूमध्ये बाळंतपणानंतरचे 9 महिने सर्वांत जोखमीचे. जागरणं, त्यात रात्री बाळाचं एकदम रडणं. 'अंगावर पाजतेय' म्हणून गोळी परस्पर बंद करू देऊ नका; प्रोप्रानोलॉल हा बीटा ब्लॉकर दुधात फारच थोडा उतरतो. रात्री बाळाला कुणीतरी दुसऱ्याने उचलून तिच्याकडे आणावं. बाळात हा दोष येण्याची शक्यता 50 टक्के असते, त्याचाही ईसीजी काढा.

याच आठवड्यात तिचे जुने ईसीजी आणि जनुकीय तपासणीचा रिपोर्ट घेऊन जिथे बाळंतपण करणार तिथल्या भूलतज्ज्ञांना भेटा. कळा सुरू झाल्यावर ही चर्चा करायला कुणालाच सवड नसते.