टेक्सासहून कोलोरॅडोला घोडी न्यायची आहे, तर आरोग्याचे कोणते कागद लागतात?

तुम्ही लिहिलंय की दीड महिन्यात डॅलसजवळून डेन्व्हरला बिऱ्हाड हलवायचंय, मुलीची आठ वर्षांची घोडी सोबत न्यायचीय, आणि ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, "देश तर एकच आहे, कागद कोण बघतंय?" त्यांचं ऐकू नका. मी अकरा वर्षं अमेरिकेत घोडे पाळतेय आणि तीनदा राज्य बदललंय. कागद बघतात. वाटेत कुणी नाही विचारले, तरी नव्या तबेल्याच्या दारात पहिला प्रश्न तोच असतो.

मुख्य कागद दोन. पहिला कॉगिन्सचा रिपोर्ट, दुसरा पशुवैद्याचा आरोग्य दाखला. दाखल्याला इथे सगळे सीव्हीआय किंवा नुसतं हेल्थ सर्टिफिकेट म्हणतात. दोन्ही कामं यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची, मान्यता असलेल्या व्हेटकडूनच करून घ्यावी लागतात, म्हणून वेळ ठरवतानाच मान्यता आहे का ते विचारून घ्या.

कॉगिन्स ही रक्ताची तपासणी आहे. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी म्हणजे ईआयएसाठी ती करतात. कॉर्नेल विद्यापीठात डॉ. लेरॉय कॉगिन्स यांनी ती 1970 च्या सुमारास बसवली, म्हणून हे नाव. या आजाराला एवढं जपण्याचं कारण असं की त्यावर इथे लसही नाही आणि उपचारही नाही. विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो. घोडा वरून ठणठणीत दिसतो, गोमाशी त्याला चावते आणि तेच रक्त तोंडाला घेऊन शेजारच्या घोड्यावर बसते. एकच सुई दोन घोड्यांना वापरली तरी तेच होतं. तपासणीत घोडा बाधित निघाला तर त्याला शांतपणे मरण द्यायचं, नाहीतर बाकीच्या घोड्यांपासून किमान 200 यार्ड लांब आयुष्यभर एकटं ठेवायचं, बहुतेकदा एवढेच मार्ग उरतात. कळपात राहणाऱ्या जनावराला असं एकटं ठेवणं किती क्रूर आहे, हे घोडा पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणूनच या कागदाचा मला कधी कंटाळा येत नाही.

कोलोरॅडोला कॉगिन्स 12 महिन्यांच्या आतला लागतो आणि आरोग्य दाखला 30 दिवसांच्या आतला. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कॉगिन्सचे महिने रिपोर्ट आला त्या दिवसापासून नाही, रक्त काढलं त्या दिवसापासून मोजतात. तुमच्याकडे जुना रिपोर्ट असेल तर त्यावरची रक्त काढल्याची तारीख आजच बघा. मुदत प्रवासाच्या आसपास संपत असेल तर नवीनच करून घ्या. नमुना प्रयोगशाळेत जाऊन रिपोर्ट यायला काही दिवस जातात, शिवाय कॉगिन्सचा तपशील आरोग्य दाखल्यावर लिहावा लागतो. म्हणून आधी रक्त, मग दाखला. दाखला निघण्याच्या आठवड्यातच काढा. सामानाचा ट्रक लांबला, घराचा ताबा पुढे गेला, की महिना कसा सरतो कळत नाही.

दाखल्यासाठी व्हेट घोडी प्रत्यक्ष तपासतात आणि ताप बघतात. कुठून कुठे आणि कशासाठी जातेय, हेही त्यावर येतं. पोहोचण्याचा पत्ता म्हणजे घोडी जिथे बांधणार तो तबेला, तुमचं नवीन अपार्टमेंट नव्हे.

आता माझा एक अनुभव. माझा एक कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, घोडा आहे, कपाळावर चांदणी आणि मागच्या उजव्या पायाला पांढरा मोजा. एकदा शेजारच्या राज्यात स्पर्धेला गेले. फाटकावरच्या बाईंनी कॉगिन्सचा फॉर्म हातात घेतला, ट्रेलरचं दार उघडायला लावलं आणि टॉर्च पायांवर मारला. फॉर्मवर मोजा डाव्या पायाला लिहिला होता. त्यांच्या लेखी कागदावरचा घोडा वेगळा आणि ट्रेलरमधला वेगळा. आम्ही आत गेलोच नाही. त्या बरोबर होत्या. मी तो फॉर्म न वाचता फाइलमध्ये ठेवला होता.

तेव्हापासून रिपोर्ट आला की मी तो घेऊन घोड्यापाशी उभी राहते आणि एकेक खूण ताडून बघते. रंग, चारही पाय, कपाळावरची खूण, डाग आणि केसांचे भोवरे. हो, भोवरेसुद्धा. आपल्याकडे जुनी माणसं घोडा घेताना भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात, इथे त्याच भोवऱ्यांवरून ओळख पटवतात, कारण दोन घोड्यांचे भोवरे सहसा तंतोतंत जुळत नाहीत. घोडी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेली, असेल तर पायांची उंची नीट बघा, कुठला मोजा घोट्यापर्यंत आणि कुठला गुडघ्याकडे चढलेला. मायक्रोचिप असेल तर नंबर तिन्हीकडे सारखा हवा: स्कॅनरवर, रिपोर्टवर, दाखल्यावर. नावाचंही तसंच. घरी "राणी" म्हणत असाल आणि नोंदणीत दुसरं नाव असेल, तर दोन्ही लिहून घ्या.

नियम ज्या राज्यात जायचं त्याचे लागतात. निघण्याआधी दोन-तीन दिवस कोलोरॅडोच्या राज्य पशुवैद्य कार्यालयाला फोन करा. वाट न्यू मेक्सिकोतून जाते आणि तिथे मुक्काम करणार असाल तर त्यांनाही. साथ असली की अटी रातोरात बदलतात. 2019 मध्ये व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हा विषाणूचा आजार टेक्सास, न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो तिन्हीकडे होता. त्यात तोंडात आणि खुरांच्या कडेला फोड येतात, आणि अशा काळात राज्यं दाखल्याची मुदत कमी करतात किंवा जादा मजकूर मागतात.

लसींची नोंद प्रवेशासाठी सहसा लागत नाही, पण नवा तबेला फ्लू आणि हर्पिस विषाणूच्या लसींच्या तारखा विचारेलच. तबेलेवाल्यांनी सुरुवातीला दोन आठवडे घोडी वेगळी ठेवायला सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून लिहून ठेवा.

खरेदीची पावतीही जपा. तो आरोग्याचा कागद नाही, पण कोलोरॅडोत घोडा विकताना, 75 मैलांपेक्षा लांब नेताना किंवा राज्याबाहेर काढताना ब्रँड इन्स्पेक्शन, म्हणजे जनावराच्या खुणा आणि मालकीची सरकारी तपासणी, लागतं, आणि तिथे मालकीचा पुरावा मागतात. टेक्सासमधून येणाऱ्याला हे नवीन असतं.

सगळ्या कागदांची एक प्रत ट्रकमध्ये हाताशी ठेवा, ट्रेलरच्या खोगीर-खोलीत नको, आणि फोटो फोनमध्ये. व्हेट येतील त्या दिवशी मुलीला शाळेतून लवकर आणता आलं तर आणा. रोज खरारा करणाऱ्या हाताला घोडीचे भोवरे कुठे आहेत ते बरोबर ठाऊक असतं.