बायबल वाचून झालं, तरी समज का येत नाही?

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वर्षभराची वाचनयोजना पाळून बायबल पूर्ण केलंत, रोज सकाळी मोबाईलवर वचन येतं, प्रार्थनाही चुकत नाही, पण पाळक ज्याला 'आत्मिक समज' म्हणतात ती काही आल्यासारखी वाटत नाही. त्यात प्रार्थनासभेत कुणी तरी सांगितलं की तुम्हांला अजून पवित्र आत्म्याचं दान मिळालेलं नाही, म्हणून हे होतंय. शेवटी विचारलंत, कुठला कोर्स करू?

आधी त्या प्रार्थनासभेतल्या शेऱ्याबद्दल, कारण तोच तुम्हांला जास्त लागलेला दिसतोय. करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र काढा. पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की तुमच्यात कुठल्याही कृपादानाची, म्हणजे आत्म्याने दिलेल्या देणगीची, उणीव नाही. अन्य भाषा, संदेश, सगळं होतं त्यांच्याकडे. आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो म्हणतो, तुम्ही अजून तान्ही बाळं आहात, तुम्हांला दूधच पाजावं लागतं. कारण काय देतो? हेवा आणि भांडणं. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोचा (हाही त्यांचा एक शिक्षक). म्हणजे दानं भरपूर आणि समज बेताची, असं एकाच मंडळीत होऊ शकतं. आत्म्याशिवाय समज येत नाही हे खरंच आहे, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते स्पष्ट आहे. पण दुसऱ्याच्या आत्म्याचं मोजमाप करण्याचा परवाना त्यातून कुणाला मिळत नाही. तो शेरा सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. माझं मत असं की आपण क्रम उलटा धरतो. आधी नीट समजू दे, मग त्याप्रमाणे वागू, असं आपल्याला वाटतं. योहान ७:१७ मध्ये येशू नेमकं याच्या उलट सांगतो. जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे, त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. करण्याची तयारी आधी, कळणं त्याच्या मागोमाग.

हे घडताना पाहायचं असेल तर मार्कच्या आठव्या अध्यायात थोडा मुक्काम करा. शिष्य होडीत आहेत, भाकरी आणायला विसरलेत, जवळ एकच आहे. येशू परुश्यांच्या, म्हणजे कर्मठ धर्मपंथीयांच्या, खमिराबद्दल (त्यांच्या वाईट प्रभावाबद्दल) बोलतो आणि यांना वाटतं, भाकरी नाही म्हणून आपल्याला बोलतोय. मग तो अक्षरशः उजळणी घेतो. पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा किती टोपल्या उरल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. आकडे त्यांना तोंडपाठ आहेत! उत्तर बरोबर आलं तरी तो विचारतो, अजून तुम्हांला समजत नाही का? आपल्या बायबल क्विझवाल्यांनी ही जागा एकदा जरूर वाचावी.

लगेच पुढे बेथसैदाचा आंधळा येतो. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना. अर्धवट दिसतंय. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा सगळं स्पष्ट होतं. दोन टप्प्यांत बरं केल्याची चारही शुभवर्तमानांत ही एकच गोष्ट आहे, आणि ती फक्त मार्कने सांगितली आहे. मला ती इथे सहज आलेली वाटत नाही. कारण पुढच्याच परिच्छेदात पेत्र म्हणतो, 'तू ख्रिस्त आहेस.' बरोबर उत्तर. आणि येशूने आपल्या मरणाबद्दल बोलायला सुरुवात केल्याबरोबर तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. माणसं झाडांसारखी दिसण्याची अवस्था ती हीच. तुम्ही आत्ता तिथे असाल तर पेत्राच्या शेजारी आहात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिथून दहाव्या अध्यायापर्यंत वाचत जा. येशू तीनदा आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांचा घोटाळा होतो. दुसऱ्या वेळी ते वाटेत वाद घालत असतात, आपल्यात मोठा कोण. तिसऱ्या वेळी याकोब आणि योहान उजवीकडची-डावीकडची जागा मागायला येतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? थोड्या ओळींनंतर यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तिमय ओरडतो, आणि येशू त्यालाही जवळजवळ त्याच शब्दांत विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तो म्हणतो, मला दिसावं. डोळसांनी मानाची जागा मागितली, आंधळ्याने दृष्टी. आणि दिसू लागल्यावर तो घरी गेला नाही, येशूच्या मागून त्याच वाटेने निघाला. ती वाट यरुशलेमकडे, म्हणजे वधस्तंभाकडे जाते.

आपल्या मराठी मंडळीतलं उदाहरण पाहायचं तर पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहत होत्या. सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेऊन समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांमध्ये चाललेलं काम दाखवलं. या बायकांना कुणी पुन्हा उभं करतं, हे त्यांनी पूर्वी पाहिलंच नव्हतं. हे कशामुळे करता, असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, यहुदी ज्यांना टाळत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीशी येशू बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. आधी काम पाहिलं, मग वचन ऐकलं, आणि ते वचन उलगडलं. संस्कृत शास्त्रांत भल्याभल्यांना चकित करणारी बाई ती, बुद्धीची कमतरता नक्कीच नव्हती! त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. तोवर विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन सुरू झालेलं होतं. बाई रोज विधवा मुलींमध्ये राबत होत्या. तुम्ही एका वर्षाच्या वाचनावर निराश होताय.

जवळचं एक सांगतो. आमच्या मंडळीतले एक काका, निवृत्त शिक्षक, डोंगरावरचं प्रवचन त्यांना पाठ होतं. सख्ख्या भावाशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. मत्तय ५:२३-२४ वर ते सुंदर बोलायचे, अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी भावाशी समेट कर. एका नाताळाच्या आधी ते खरंच भावाकडे गेले. फार काही घडलं नाही. चहा झाला, वाटणीचा विषय निघाला नाही, भाऊ घुश्श्यातच होता. पण पुढच्या बायबल स्टडीला काका म्हणाले, "अहो, इथे माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं लिहिलेलंच नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. मी आयुष्यभर माझीच तक्रार धरून हे वचन वाचत होतो." ओळ तीच, डोळ्यांसमोर कायम होती. दिसली ती त्याच्या दारात जाऊन आल्यावर. तुम्ही ज्याला आत्मिक समज म्हणताय, ती मला तरी अशीच येताना दिसली आहे, लहान आणि थोडी टोचणारी. अंगावर काटा येणं वगैरे ज्यांना होतं त्यांना होवो.

कोर्सचं म्हणाल तर करा, पण आत्ता नको. सध्या एवढंच करा. वाचनयोजना बाजूला ठेवा आणि मार्क घ्या. सोळा अध्याय आहेत, रविवारी दुपारी एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो. नंतर रोज एक प्रसंग, त्याहून जास्त नाही. जे पटत नाही किंवा कळत नाही ते वहीत लिहा, आणि त्या प्रसंगातून आज करण्यासारखी एक गोष्ट निघत असेल तर ती आजच करा. निघत नसेल तर ओढूनताणून काढू नका. मोबाईलवरचं रोजचं वचन बंद केलंत तरी चालेल. मागचं-पुढचं तोडून आलेली ओळ धीर देते, पण लेखक काय म्हणतोय ते तिच्यातून कळणं अवघड.

एकट्याने वाचू नका हेही सांगतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला कुशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. समजतंय का, असं येशूचा अनुयायी फिलिप्प याने विचारल्यावर तो सरळ म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजेल? आणि फिलिप्पाला रथात वर बसवून घेतलं. दोन-तीन जण पुरेत. त्यांत वयाने मोठं कुणी असावं आणि तुमच्याशी न पटणारं कुणी तरी असावं. वाक्यागणिक 'प्रभूने मला सांगितलं' म्हणणारा गटप्रमुख असेल तर जरा जपून. त्याच्या घरातले लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, तेवढं आधी पाहा.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ११९ मधली अठरावी ओवी घ्या, माझे डोळे उघड अशी विनवणी आहे तिथे. १७६ ओव्यांचं हे स्तोत्र जवळजवळ सगळं देवाच्या वचनाबद्दलच आहे, आणि ते रचणारा शेवटपर्यंत 'मला शिकव', 'मला समज दे' असंच मागत राहतो.

जुन्या भाषांतराची भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं शेजारी ठेवून वाचा. मार्कचे पहिले आठ अध्याय झाले की वहीतले प्रश्न इथे टाका, मग पुढचं बोलू.